आईबाबा जूनमध्ये मुंबईहून न्यू जर्सीला येताहेत, जेट लॅग कसा टाळता येईल?

दोघंही साठीच्या पुढचे, राहणारे ठाण्याचे, आणि विमान मध्यरात्रीनंतर सुटून थेट सकाळी न्यूअर्कला उतरणारं, एवढं तुम्ही प्रश्नातच सांगितलंत ते बरं झालं. मी एडिसनला राहतो. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये मे-जून आला की कुणाचे ना कुणाचे आईबाबा येतातच, त्यामुळे सल्ले ऐकून कान किटलेत. भरपूर पाणी प्या, विमानात अजिबात झोपू नका, उतरल्याबरोबर भारताचं घड्याळ विसरा. माझं मत विचाराल तर खरं काम उजेड करतो. बाकी सगळं तोंडी लावण्यापुरतं.

आधी एक फरक लक्षात घ्या. विमानातल्या कोरड्या हवेनं घसा सुकणं, पाय सुजणं, अंग आंबणं हा प्रवासाचा शीण. तो पाणी, अधूनमधून उठून चालणं आणि एका चांगल्या झोपेनं जातो. जेट लॅग म्हणजे मेंदूतलं घड्याळ अजून ठाण्यातच असणं. उन्हाळ्यात इथलं घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असतं. शरीर पश्चिमेकडे येताना दिवसाला साधारण दीड तास जुळवून घेतं आणि पूर्वेकडे जाताना जेमतेम एक तास, कारण बहुतेकांचं आतलं घड्याळ मुळात चोवीस तासांहून किंचित लांब असतं. त्याला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जड जातं. म्हणजे येताना आठवडाभर आणि परत गेल्यावर नऊ-दहा दिवस, हा हिशेब धरूनच चाला. शून्यावर आणता येत नाही, कमी नक्की करता येतो.

आता उजेडाचं. रोजच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास शरीराचं तापमान सर्वांत खाली गेलेलं असतं. त्या क्षणाच्या आधीच्या काही तासांत डोळ्यांवर लख्ख उजेड पडला तर झोपेची वेळ उशिराकडे सरकते, नंतर पडला तर अलीकडे येते. आईबाबा ठाण्यात साडेपाच-सहाला उठत असतील तर तो क्षण पहाटे तीन-साडेतीनचा, म्हणजे इथले संध्याकाळचे साडेपाच-सहा. त्यांना झोप उशिराकडे सरकवायची आहे. म्हणून पहिल्या दोन दिवशी दुपारी बारा ते पाच या वेळात त्यांना जास्तीत जास्त बाहेर ठेवा. अंगणात खुर्च्या टाका, पार्कात न्या, अगदी गाडी धुवायला मदतीला घ्या. खिडकीतून येणारा उजेड पुरत नाही. त्यानंतर रोज ही वेळ तास-दीड तास पुढे न्या. जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो, त्याचा फायदा घ्या. सकाळचा फेरफटका खुशाल मारू दे, त्यानं बिघडत नाही, पण त्यावर विसंबू नका.

अवघड वेळ दुपारी तीन-चारची. तेव्हा ठाण्यात रात्रीचा एक वाजलेला असतो आणि सोफ्यावर टेकलेला माणूस बोलता बोलता घोरायला लागतो. अर्धा तास झोपू द्या, गजर लावून. तीन तास झोपले तर रात्र गेली.

रात्री अडीचला दोघं टक्क जागे होतील, कारण तिकडे भर दुपारचे बारा वाजलेले असतात. पोटही तसंच बोलतं. ओट्यावर दूध, केळं, दोन खाकरे काढून ठेवा. पूर्ण जेवण नको, कारण पचनाचंही स्वतःचं घड्याळ असतं आणि ते जेवणाच्या वेळांवरून शिकतं. आणि एक गोष्ट हमखास घडते: त्या वेळी तिकडे सगळे जागे असल्यामुळे आत्याला व्हिडिओ कॉल लागतो. तो कॉल पाऊण तास चालतो, मग चहा होतो, मग भांड्यांचा आवाज सुरू होतो. फोन रात्री तुमच्या खोलीत ठेवा, थोडा वाईटपणा घ्या. चहाही दुपारी दोननंतर बंद. बाबा कुरकुरतील, पण कॅफीन अर्ध्यावर यायलाच पाच-सहा तास लागतात.

विमानात काय करायचं? तरुणांना मी इथल्या रात्रीच्या हिशेबानं उड्डाणाच्या उत्तरार्धात झोपायला सांगतो. साठीच्या पुढच्यांनी झोप येईल तेव्हा घ्यावी. तशीही सामान बांधण्यात, मेतकुटाची पिशवी तेवीस किलोत बसवण्यात आधीची रात्र गेलेलीच असते.

मेलाटोनिनबद्दल तुम्ही वेगळं विचारलंत. पूर्वेकडच्या प्रवासात त्याचा उपयोग जास्त होतो, म्हणजे परतीच्या वेळी, तिथल्या झोपेच्या वेळेला. अर्ध्या मिलिग्रॅमपासून पाचपर्यंतची मात्रा अभ्यासांमध्ये वापरलेली आहे. थोडक्यापासून सुरुवात करा. इथे ते दुकानात सहज मिळतं, पण बाटलीवरचा आकडा आणि आतला माल जुळेलच असं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा फिट्सचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका. तेच मधुमेहाचं. इन्सुलिन घेत असतील तर प्रवासाच्या दिवशीचा डोस कधी आणि किती, हे ठाण्यातल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. हा मुद्दा जेट लॅगहून मोठा आहे. औषधं हातातल्या बॅगेत.

परतीचं आत्ताच सांगून ठेवतो, कारण तेव्हा कुणी विचारत नाही. परत गेल्यावर शरीराच्या तापमानाचा तो सर्वांत खालचा क्षण भारतात दुपारी एकच्या सुमारास येतो. तेव्हा झोप अलीकडे आणायची असते, आणि त्याआधीचा उजेड ती उलट उशिराकडे ढकलतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस तलावपाळीवरची सकाळची फेरी बंद, पडदे ओढलेले, बाहेर पडावंच लागलं तर गॉगल. जेवण झाल्यावर दुपारी गॅलरीत बसायचं. मग रोज तासभर अलीकडे. लवकर सूर्यदर्शन घ्या असं सांगणारे शेजारी भेटतील, त्यांना हो म्हणायचं.

आणि पहिल्या शनिवार-रविवारी नायगारा ठरवू नका. सहा-सात तास गाडीत बसवलंत की ते झोपणारच. ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर जवळ आहे, दुपारी तिथे न्या, आणि येताना आईला पुढच्या सीटवर बसवून बोलतं ठेवा.