विषय झाला, आता प्रश्न काढा

‘किशोरवयीन मुलं आणि वाचनाची सवय’ हा संशोधनाचा विषय आहे, संशोधनाचा प्रश्न नाही; नेमकं काय शोधायचं ते त्यातून कळत नाही. घाबरू नका, बहुतेकांची सुरुवात इथूनच होते.

आधी त्यावरचे 10-12 अलीकडचे लेख काढा. प्रत्येकात लेखक काय गृहीत धरतोय ते एका ओळीत लिहा, निष्कर्ष नंतर. समजा, बऱ्याच ठिकाणी ‘वाचन म्हणजे पुस्तक’ असंच धरलेलं सापडलं. बोट तिथेच ठेवा. मोबाइलवर रोज लांबलचक कथा वाचणारी मुलं स्वतःला वाचक का म्हणवत नाहीत? हा झाला प्रश्न. उत्तर आधी ठाऊक नाही आणि 15-20 मुलाखतींत काहीतरी हाती लागू शकतं.

नेहमीच्या चुका:
- ‘यावर कुणी लिहिलेलं नाही’ एवढंच कारण देणं. कधी कधी लिहिण्यासारखं काही नसतं म्हणूनच लिहिलेलं नसतं!
- उत्तर पोटात घेऊन आलेला प्रश्न: ‘मोबाइलमुळे वाचन कसं बिघडलं?’ बिघडलं हे ठरवलं कुणी?
- हो-नाहीत संपणारा प्रश्न.

सैद्धांतिक चौकट (कोणत्या सिद्धांताच्या आधारे अभ्यास मांडायचा ते) वगैरे सध्या राहू द्या. या आठवड्यात 20 प्रश्न लिहा, प्रत्येकापुढे ‘बरं, मग?’ विचारा आणि जिथे काही सुचत नाही ते खोडा. दोन-तीन उरले तरी पुष्कळ.