‘सगळं प्रभूला दिलं’ असं रोज म्हणतो, तरी आत काहीच बदलत नाही. कुठे चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की संजीवन सभेत (श्रद्धा जागवण्यासाठी भरणाऱ्या ख्रिस्ती सभेत) पुढे जाऊन आयुष्य समर्पण केलंत, तेव्हा रडू आलं, हलकं वाटलं आणि महिन्याभरात ते ओसरलं. आता रोज सकाळी अर्धा तास प्रार्थना होते, पण कोरडी. आणि अगदी शेवटी, जाताजाता, सातबाऱ्यावरच्या नावांवरून धाकट्या भावाशी बोलणं बंद असल्याचा उल्लेख आहे. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या शेवटच्या ओळीत आहे.

‘सगळं तुझं’ ही प्रार्थना खोटी नसते, ढोबळ असते. तिच्यात भाऊ येत नाही, वकिलाकडची तारीख येत नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या १९व्या अध्यायातला जक्कय नावाचा जकातदार पाहा. येशू घरी आल्यावर तो ‘माझं जीवन तुझं’ असं म्हणत नाही. तो हिशोब सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत. ‘आज या घराला तारण प्राप्त झालं’ हे वाक्य त्या हिशोबानंतर येतं. समर्पणाला आकडा, नाव किंवा तारीख चिकटलेली नसेल तर ते जमिनीवर उतरत नाही.

यावर सगळ्यात बारकाईने लिहिलंय ते सोळाव्या शतकातले कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांनी. तुम्ही प्रोटेस्टंट मंडळीतले असाल तरी बिचकू नका, यातलं बहुतेक सगळं शास्त्राला धरूनच आहे. त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात तीन प्रकारच्या माणसांवरचं एक मनन आहे. तिघांनाही प्रत्येकी दहा हजार डुकाट (त्या काळची सोन्याची नाणी) मिळालेत, मिळवताना हेतू काही निव्वळ देवाच्या प्रेमाचा नव्हता, आणि आता तिघांनाही त्या पैशाची ओढ मनाला टोचते. पहिल्याला ओढ सुटावी असं वाटतं, पण मरेपर्यंत तो त्यासाठी काहीच करत नाही. दुसऱ्याला ओढ सुटायला हवी आहे, पण पैसा हातचा न जाता. म्हणजे त्याला जिथे थांबायचंय तिथे देवाने यावं. तिसरा पैसा ठेवायचा की सोडायचा हे आधी ठरवतच नाही, देवाला जे बरं दिसेल ते करायला मोकळा राहतो. आपण बहुतेक जण दुसऱ्या प्रकारात मोडतो. भावाशी समेट व्हावा अशी प्रार्थना चालू असते आणि जमिनीचा रस्त्याकडेचा तुकडा मात्र आपल्याच नावावर राहायला हवा असतो. ही गाठ सुटेपर्यंत अर्ध्या तासाचा दीड तास केलात तरी प्रार्थना कोरडीच राहण्याची शक्यता जास्त.

म्हणून एकच गोष्ट निवडा. तुमच्या बाबतीत ती समोरच आहे. सकाळच्या वेळातली दहा मिनिटं तिला द्या आणि मोठ्याने, साध्या शब्दांत बोला. आधी स्वतःला काय हवंय ते लपवाछपवी न करता सांगा: ‘मला तो तुकडा हवाय, आणि त्याने आधी माफी मागावी असं वाटतं.’ हे सांगणं अविश्वासाचं नाही. गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री, येशूने आधी ‘हा प्याला टळो’ असंच मागितलं, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे त्यानंतर. आणि मत्तय २६ प्रमाणे एकाच रात्री तीनदा तीच प्रार्थना केली. तेव्हा काल दिलेलं आज सकाळी परत आपल्याच मुठीत सापडलं तर त्यात नवल काही नाही, पुन्हा द्यायचं. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्या तर नव्या वर्षाच्या सुरुवातीला देवाशी केलेल्या कराराचं नूतनीकरण दरवर्षी करतात.

मग त्या दिवसापुरतं एक लहान, करता येण्याजोगं पाऊल ठरवा. ‘भावावर प्रेम करीन’ हे पाऊल नव्हे. ‘त्याचा फोन आला तर उचलीन’ किंवा ‘आईसमोर त्याच्याबद्दल टोमणा मारणार नाही’ हे पाऊल. मत्तय ५:२३-२४ मध्ये क्रमही दिलाय: वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवायचं, आधी समेट, मग अर्पण. इथे एक खुलासा. समेट म्हणजे हक्कावर पाणी सोडणं असं वचन म्हणत नाही. वाटणी कायद्याने, मोजणी करून, कागदावर होऊ शकते. सोडायचा आहे तो जिंकण्याचा हट्ट.

आता संध्याकाळ. झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटं, अंथरुणावर आडवं न होता, बसून. ही दिवसाची तपासणी. इग्नेशियसनी तिचे पाच टप्पे दिलेत. आधी दिवसभरात मिळालेल्याबद्दल उपकार मानायचे. मग स्वतःची चूक दिसावी म्हणून प्रकाश मागायचा. मग उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने तपासायचा: आधी विचार, मग बोलणं, मग कृती. त्यानंतर क्षमा, आणि शेवटी उद्यासाठी सुधारणेचा निश्चय. पंधरातली सात-आठ मिनिटं तिसऱ्या टप्प्याला द्या. ‘आज भावाबद्दल राग होता’ इतक्यावर थांबू नका. अकरा वाजता फोन वाजला, नाव पाहिलं, पोटात गोळा आला, फोन उपडा ठेवला, आणि नंतर चहा घेताना मनातल्या मनात त्याला सुनावण्याची वाक्यं जुळवली. इतकं बारीक दिसलं की पकड नेमकी कुठे आहे ते कळतं. आणि कदाचित असंही दिसेल की दुपारी पुतण्याचा फोटो आला तेव्हा क्षणभर मन निवळलं होतं. तो क्षण सोडू नका, तिथे थांबून प्रार्थना करा.

देवाची उपस्थिती ‘जाणवत नाही’ असं म्हणणारे बरेच जण ती चालू क्षणात, अंगावर शहारा यावा तशी शोधत असतात. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवरच्या दोन शिष्यांना येशू बरोबर चालत असताना ओळखूच आला नाही. भाकर मोडली तेव्हा डोळे उघडले, आणि मग आठवलं की वाटेत तो बोलत असताना अंतःकरण आतल्या आत पेटत होतं. ओळख पटते ती बऱ्याचदा मागे वळून पाहताना, म्हणून संध्याकाळची ही पंधरा मिनिटं सकाळच्या तीस मिनिटांइतकीच महत्त्वाची धरा.

या तपासणीत दोन ठिकाणी हमखास घसरतं. एक, उपकार मानण्याचा टप्पा गाळून माणूस थेट चुकांवर येतो. मग आठवड्याभरात ती स्वतःला फटके मारण्याची वेळ होऊन बसते आणि बंद पडते. दुसरं, निश्चय रोज नवा आणि रोज मोठा होत जातो. त्याला उपाय म्हणजे एकाच खोडीसाठीची खास तपासणी. वहीच्या पानावर आठवड्याच्या सात दिवसांच्या प्रत्येकी दोन ओळी आखायच्या, पहिली दुपारपर्यंतची, दुसरी रात्रीपर्यंतची. सकाळी उठताच निश्चय, मग जितक्या वेळा तोल गेला तितके ठिपके त्या त्या ओळीवर. चूक घडताक्षणी छातीला हात लावायचा, चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरी ओळ पहिलीशी ताडून पाहायची, आज कालशी, हा आठवडा मागच्याशी. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढलेले दिसतील. घाबरू नका, खोड वाढलेली नसते, नजर सुधारलेली असते.

बदल मात्र ठिपक्यांवर मोजू नका, भावनेवर तर नाहीच. गलतीकरांस पत्र ५:२२-२३ मधली आत्म्याच्या फळांची यादी काढा: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यातली बरीचशी फळं आपल्यापेक्षा घरच्यांना आधी दिसतात. महिन्या-दोन महिन्यांनी पत्नीला किंवा आईला सरळ विचारा, माझ्या बोलण्यात काही फरक पडलाय का? उत्तर ऐकून वाद घालू नका म्हणजे झालं.

कोरडेपणाबद्दल. इग्नेशियसनी त्याची तीन कारणं दिलीत: आपली हयगय, आपली परीक्षा, किंवा सांत्वन (प्रार्थनेत मिळणारा दिलासा) हे कमाई नसून दान आहे हे कळावं म्हणून. हयगय असेल तर ती दुरुस्त करायची. बाकी दोन्हींत धीर धरायचा. नियम साधा आहे: अशा काळात आधी विचारपूर्वक घेतलेला निर्णय बदलायचा नाही, आणि ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसायचं. उठावंसं वाटलं की आणखी दोन मिनिटं. स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, तेही प्रार्थनाच आहे. शब्द सुचत नसतील तेव्हा ते वाचा.

सगळं एका रात्रीत व्हावं हा हट्टही सोडावा लागतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३चा. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त वैयक्तिकरीत्या सापडायला आणखी सुमारे आठ वर्षं गेली, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि मिशनची पगारी नोकरी सोडून ते संन्यस्त वृत्तीने राहू लागले १९१७ मध्ये, म्हणजे बावीस वर्षांनी. इग्नेशियसच्या साधनेतही स्वातंत्र्य, स्मरण, बुद्धी, इच्छा, सगळं देऊन टाकणारी ती प्रसिद्ध प्रार्थना साधनेचे चार भाग ओलांडल्यावर, अगदी शेवटी येते. तुम्ही सभेत ती पहिल्याच संध्याकाळी म्हणून मोकळे झालात. वाईट काही झालं नाही, पण मधलं काम राहिलंय.

दोन इशारे देतो, कारण या विषयात माणसं दुखावली जातात. देवाला समर्पण म्हणजे पाळकांच्या किंवा कुणा ‘अभिषिक्त’ वक्त्याच्या हाती निर्णय देणं नव्हे. जमिनीचा कागद, पगार, लग्न यांबाबत कुणी ‘देवाने मला तुमच्यासाठी सांगितलंय’ म्हणत घाई करत असेल तर थांबा. घरात मारहाण होत असेल तर ती सोसत राहण्यालाही समर्पण म्हणू नका, आधी सुरक्षित जागी जा. दुसरं म्हणजे झोप, भूक, कामातलं लक्ष, सगळंच दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो निव्वळ प्रार्थनेतला कोरडेपणा नसेल. डॉक्टरांकडे जा, औषध चालू असेल तर कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, प्रार्थनाही चालू ठेवा.

सहा आठवडे हे एकाच गोष्टीवर करा. तरी ठिपके हलले नाहीत तर गोष्ट अजून मोठी निवडली गेलीय असं समजा आणि ती अर्ध्यावर आणा: फोन उचलणं जमत नसेल, तर उपडा न ठेवणं. आणि वही घेऊन एखाद्या अनुभवी पाळकांकडे किंवा धर्मगुरूंकडे जा. जाताना ठिपक्यांची पानं न फाडता न्या, बोलणं तिथूनच सुरू करता येईल.