रेशमी दुपट्ट्यासाठी किड्यांपासून न बनवलेला नैसर्गिक लाल रंग कोणता?

मंजिष्ठा, एका वेलीच्या मुळांचा रंग. पण दुपट्टा रेशमी म्हणताय, तर आधी सांगा, रेशीम कुठून येतं? कोश उकळतात, आतल्या किड्यासकट. तिथे चालतं आणि रंगात चालत नाही?

चिडून लिहितेय, कारण हे मी घरात ऐकलंय. भाच्याच्या मुंजीसाठी मी एक रेशमी उपरणं लाखेत, म्हणजे लाखेच्या किड्यांपासून मिळणाऱ्या रंगात, रंगवलं होतं. गोंदियाहून मावशीने कच्ची लाख पाठवली होती, काड्यांसकट. ती कुटली, रात्रभर भिजवली, तीनदा गाळली. पाणी डाळिंबाच्या दाण्यासारखं! रंग धरावा म्हणून उपरण्याला तुरटी आधीच दिलेली. रंगात थोडा चिंचेचा कोळ, मंद आच, आणि काय लाल चढला! वन्सं बघून म्हणाल्या, "किड्यांचा रंग? देवासमोर नको बाई." अंगावर पैठणी आणि हातात लाखेच्या बांगड्या! मी नवीन होते, गप्प बसले.

मग त्यांच्या आग्रहाखातर दुसरं उपरणं बीटात बुडवलं. बीटाचा रंग कापडावर टिकत नाही, कोणी काहीही सांगो. पहिल्या धुण्यात गुलाबी, दुसऱ्यात मळकट. मंजिष्ठेतही पहिल्यांदा फसले. खळखळ उकळली आणि विटकरी-तपकिरी झालं. 70 अंशांच्या खालीच ठेवायची, तासभर. 100 ग्रॅम रेशमाला 15 ग्रॅम तुरटी आणि कापडाइतकीच मंजिष्ठा पूड. लाखेसारखा किरमिजी मात्र मिळणार नाही, ती नारिंगीकडे झुकते. भांड्याला लोखंड नको, रंग काळवंडतो.

हां, सुती कापड असेल तर तुरटीआधी हिरड्याच्या पाण्यात भिजवा. आणि लिपस्टिकवर 'कार्माइन' लिहिलेलं असतं ते वेगळं, निवडुंगावरच्या कोचिनिल किड्याचं, बहुतेक पेरूतून येतं. खाण्यात त्याला पर्याय आहेत. 2012 मध्ये अमेरिकेत स्टारबक्सने स्ट्रॉबेरीच्या पेयातलं कार्माइन काढून टोमॅटोचं लायकोपीन घातलं. खाण्यात बीटही चालतं, धुवायचं कुठे असतं!

जीव न मारण्याचंच मनात असेल तर अहिंसा रेशीम घ्या, त्यात पतंग बाहेर पडल्यावर कोश वापरतात. किंवा सरळ सुती घ्या. नाहीतर लाखच वापरा.

लाखेचं ते उपरणं अजून तसंच लाल आहे. मागच्या दिवाळीत वन्संनी सत्यनारायणासाठी मागितलं. मी म्हटलं, "देवासमोर नको ना?"