सोल चार दिवसांत निघाला, आता दुकानदाराशी भांडू का?

प्रश्न : ताई नमस्कार. माझे काळे लेदरचे फॉर्मल शूज आहेत, चांगल्या कंपनीचे, सातेक वर्षांपूर्वी घेतलेले पण घातले फारच कमी, आमच्या ऑफिसात सँडल चालतात म्हणून लग्नकार्यालाच बाहेर काढायचो. यावेळी मेव्हण्याच्या लग्नात घातले आणि हॉलमध्येच टाचेकडून काळा भुगा पडायला लागला, जिथे जाईन तिथे मागे काळे ठिपके, सासरेबुवा विचारतायत हे काय सांडलंय. घराजवळ शू रिपेअरचं एक दुकान आहे, काचेचं, पाटीबिटी लावलेलं, तिथे दिले. "पेस्टिंग करून देतो साहेब, एकदम पक्कं" म्हणून ३५० रुपये घेतले. चार दिवसांत एका बुटाचा सोल अर्धा लोंबायला लागला. परत गेलो तर म्हणतात सोलच सडलाय, आमची काय चूक, नवीन सोल टाका, ९०० होतील. अरे मग आधी का नाही सांगितलं? वर पावतीच्या मागे छापलंय की दुरुस्तीची कुठलीही गॅरंटी नाही. बायको म्हणते फेकून दे, वडील म्हणतात ग्राहक न्यायालयात खेच. तुम्ही सांगा. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तूर्तास दोघांचंही ऐकू नका.. आधी बुटाचं काय झालंय ते बघू, कारण त्यावरच कोणाची बाजू बरोबर ते ठरणारे.

तुमच्या बुटाचा सोल पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा असणार, वर्णनावरून जवळजवळ नक्कीच. हलका असतो, पायाला मऊ लागतो, म्हणून फॉर्मल शूजमध्ये, सेफ्टी शूजमध्ये, ट्रेकिंगच्या बुटांत भरपूर वापरतात. पण त्याला एक वाईट खोड आहे. हवेतला ओलावा हळूहळू आत शिरतो आणि पॉलियुरेथेनच्या साखळ्या तोडत बसतो, याला हायड्रोलिसिस म्हणतात, आणि हे बूट घातला काय न घातला काय, चालूच राहतं. उलट न घालता डब्यात बंद करून ठेवलेला बूट लवकर जातो असाच बहुतेकांचा अनुभव आहे. आणि डोंबिवलीचा पावसाळा तुम्हाला मी काय सांगू, कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते तिथे सोलचं काय. वरून कातडं एकदम नवंकोरं दिसतं, पॉलिश चमकतं, आणि खालून सोल आतल्या आत पिठूळ झालेला असतो. म्हणून "पण मी तर घातलेच नाहीत" हे जे तुम्हाला आश्चर्य वाटतंय ना, तेच खरं कारण आहे.

हे दुकानात ओळखता येतं का? येतं, आणि अगदी सहज. टाचेच्या आतल्या बाजूला अंगठ्याचं नख जोरात दाबायचं. चांगला सोल दबतो आणि परत वर येतो. गेलेल्या सोलमध्ये नखाची खूण तशीच राहते, कधी चिकट लागतं, कधी बोटावर काळी पूड येते. आणि वाकवून बघितलं की बारीक बारीक चिरा दिसतात. रस्त्यावर बसणारे जुने काका बूट हातात घेतल्या घेतल्या हे करतात, तुमच्याशी बोलताबोलताच, आणि सरळ सांगतात "याला काय चिकटणार नाही, दुसरा सोल घ्या नायतर राहू द्या".

आता पेस्टिंग का टिकलं नाही ते. नीट पेस्टिंग करायचं म्हणजे आधी जुना गोंद खरवडायचा, मग कानशीने नाहीतर घासपेपरने दोन्ही बाजू खरखरीत करायच्या, धूळ झटकायची, मग सोल्युशन बुटालाही लावायचं आणि सोललाही, आणि मग थांबायचं. ही थांबायची पायरीच सगळे खातात. दहापंधरा मिनिटं, बोट लावलं तर बोटाला लागणार नाही इतकं सुकू द्यायचं, आणि मग एकदाच नेम धरून बसवायचं, कारण एकदा टेकलं की सरकवता येत नाही, आणि ऐरणीवर घालून हातोडीने कडेकडेने ठोकायचं. त्यानंतर एक दिवस तरी घालायचं नाही. शिवाय पीयूला साधं रबराचं सोल्युशन तितकंसं धरत नाही, त्याला पीयूचंच वेगळं सोल्युशन लागतं. पण हे सगळं अगदी पुस्तकी केलं असतं ना तरी तुमचा सोल निघालाच असता! कारण गोंद धरतो वरच्या थराला, आणि तो थरच भुगा झालाय. पोपडे सुटलेल्या भिंतीवर रंग मारल्यासारखं आहे हे. काही जण म्हणतात साइड शिलाई मारून घ्या, तर या केसमध्ये तेही नको, दोरा त्या मऊ सोलला कापत जातो.

म्हणजे दुकानदार म्हणतोय ते खरंय, सोल सडलेलाच होता. पण माझं मत विचाराल तर चूक त्याचीच आहे. सोल सडला यात नाही, सडलेल्या सोलवर पेस्टिंगचे पैसे घेतले यात. तुम्ही ग्राहक, तुम्हाला पीयू कशाशी खातात माहीत नसणार, त्याला माहीत असायलाच पाहिजे, रोज दहा बूट बघतो तो. आणि वर "एकदम पक्कं" म्हणाला. नाहीतर त्याने आधीच म्हणायला हवं होतं की टिकणार नाही, तरी करू का, आणि मग तुम्ही हो म्हणाला असता तर गोष्ट वेगळी.

तेव्हा मागायचं काय, तर ३५० परत. बुटाची किंमत मागू नका, ते बूट त्याने नाही मारले. सगळ्यात सोपं म्हणजे शांतपणे म्हणायचं की सोल बदलायला माझी हरकत नाही पण आधीचे ३५० त्या ९०० मधून वजा करा. दहातले आठ दुकानदार यावर तयार होतात हो, कारण त्यांनाही गिऱ्हाईक हवं असतं, फक्त दुकानात चार माणसांसमोर आवाज चढवून गेलात की तेही हट्टाला पेटतात. दुपारी जा, गर्दी नसते.

नाहीच ऐकलं तर वडील म्हणतात तो रस्ता आहेच. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही त्यात सेवाच धरतात, आणि पावतीच्या मागे काय छापलं म्हणून सेवेतली कमतरता माफ होत नाही, हे तर पक्कं लक्षात ठेवा, "जबाबदारी नाही" छापायला एक शाई लागते फक्त. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे वडील म्हणतात त्या ग्राहक न्यायालयात, जायचं तर ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, वकील केलाच पाहिजे असंही नाही, आणि मुदत २ वर्षांची. पण ३५० रुपयांसाठी तारखा घालणार का, ते तुम्हीच ठरवा. मी असते तर १९१५ पर्यंत गेले असते, पुढे नाही. पावती मात्र टाकू नका, आणि लोंबणाऱ्या सोलचे फोटो आत्ताच काढून ठेवा.

राहता राहिलं फेकू की ९०० घालू. वरचं अप्पर खरं लेदर असेल, घडीवर चिरा नसतील, आतलं अस्तर फाटलेलं नसेल, तर जरूर घाला, तेवढ्यात तसले बूट नवे येत नाहीत. रेक्झिन असेल आणि घडीवर पापुद्रे निघत असतील तर बायकोचं ऐका. आणि नवीन सोल टाकताना परत पीयू घालू नका, टीपीआर म्हणजे थर्मोप्लास्टिक रबर, नाहीतर साधं रबर मागा. वजनाला थोडा जड, पण कपाटात बसून विरघळत नाही. सोल तुमच्या बुटाच्या साच्याला बसतो का ते आधी समोर लावून दाखवायला सांगा, पुढच्या टोकाला कातडं बाहेर उरलं किंवा सोल बाहेर आला तर दुसरा नंबर. आणि घरात आणखी असे ठेवणीतले बूट असतील तर आजच नख दाबून बघा, पुढच्या लग्नाच्या हॉलमध्ये नको.


प्रश्न : माझ्या कोल्हापुरी चपला, आईने कोल्हापूरहून आणलेल्या, पावसात भिजल्या आणि तळाचे थर सुटले. इथे पुण्यात एका रिपेअरवाल्याने खालून चार खिळे मारले आणि रबराचा तुकडा चिकटवला. आता चालताना टोचतंय. बरोबर केलं का त्याने? (वाचक, पुणे)

उत्तर : खिळे नाही, रबर चालेल.

अस्सल कोल्हापुरी चपलेत खिळा नसतोच. तळाचे थर, टाचेचा तुकडा, बाजूचे कान, सगळं चामड्याच्याच बारीक वादीने शिवलेलं असतं. हे चामडं बाभळीची साल, हिरडा असल्या झाडपाल्याने कमावलेलं असतं, त्याला पाणी अजिबात सोसत नाही, भिजलं की फुगतं आणि वाळताना आक्रसतं, त्यात वादी सैल होते आणि थर सुटतात. अशा ओल्या तळात खिळा मारला की एक तर तो गंजतो आणि दुसरं म्हणजे वापरून तळ दबत गेला की खिळ्याचं टोक वर येतं, तेच तुम्हाला टोचतंय. आत्ताच काढून घ्या, टाचेत गंजका खिळा घुसला तर डॉक्टर दोन इंजेक्शनं देईल ती वेगळी.

आरी, म्हणजे चामड्याला भोक पाडायचा टोच्या, चालवून वादीने नाहीतर मेणाच्या दोऱ्याने परत टाके घालणारा माणूस शोधा. काचेच्या दुकानांत हा माणूस क्वचित भेटतो, त्यांच्याकडे मशीन असतं आणि मशीनची सुई या जाड तळात जात नाही. फुटपाथवर बघा, ज्यांच्या पुढ्यात आरी, रापी (चामडं कापायचं हत्यार) आणि पाण्याची वाटी दिसते तिथे. पाणी असतं ते वादी भिजवायला, भिजवून ओढली की वाळल्यावर टाका आवळतो. खालून रबर लावायला काहीच हरकत नाही, खुद्द कोल्हापुरातही लावून देतात, फक्त नुसतं चिकटवलेलं नको, शिवलेलं हवं. शुद्धतावादी लोक नाक मुरडतील, मुरडू देत, सोसायटीच्या गुळगुळीत टाइल्सवर नुसत्या चामड्याच्या तळाने घसरून पडण्यापेक्षा बरं.

भिजलेली चपल कधीही उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नका, सावलीत, वर्तमानपत्राचे बोळे लावून. पूर्ण वाळली की एरंडेल तेलाचा हलका हात. पावसाळ्यात सरळ बंद करा ती चपल. आणि नवीन घेणार असाल तर.. २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला, पण दुरुस्ती करणाऱ्या हाताला आपण वीस रुपये जास्त द्यायला का कू करतो हेही आहेच.


प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गेटबाजूला एक काका चपला शिवायला बसतात, कितीतरी वर्षं. नव्या कमिटीला ते नकोत, "लुक खराब होतो" म्हणे. मी एकटीच त्यांच्या बाजूने बोलले मीटिंगमध्ये. त्यांना काही कायदेशीर आधार आहे का? (वाचक, ठाणे)

उत्तर : आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात फक्त भाजीवाले येतात असा सगळ्यांचा समज आहे, पण रस्त्यावर बसून लोकांना सेवा देणाराही त्यात येतो, म्हणजे काका येतात. पालिकेचा सर्व्हे होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही असं त्या कायद्यात आहे, आणि फुटपाथ पालिकेचा असेल तर तुमच्या कमिटीचा तिथे तसाही काही अधिकार नाही. गेटच्या आतली जागा असेल तर मात्र गोष्ट वेगळी, ती सोसायटीचीच.

काकांना विचारा सर्व्हेत नाव लागलंय का, प्रमाणपत्र आहे का. नसेल तर पालिकेच्या प्रभाग कार्यालयात जाऊन फेरीवाल्यांच्या नोंदणीची चौकशी करा, त्यांना फॉर्म भरायला जमत नसेल तर तुम्ही भरून द्या. दुसरं, राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची गटई कामगारांसाठी, म्हणजे चपला-बूट शिवणाऱ्यांसाठी, पत्र्याच्या स्टॉलची योजना आहे, १०० टक्के अनुदानावर, अनुसूचित जातीच्या कारागिरांसाठी. त्याला जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि जिथे स्टॉल लावायचा त्या जागेची पालिकेची परवानगी असं लागतं. जिल्ह्याच्या समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात चौकशी करा, अर्ज कधी घेतात ते तिथे कळेल. जागेच्या कागदावरच बहुतेकांचं गाडं अडतं, म्हणून आधी पालिकेचं काम उरका, मग समाजकल्याण.

कमिटीला हे सगळं तोंडी सांगू नका, लेखी द्या, मिनिट्समध्ये घ्यायला लावा. आणि सेक्रेटरींच्या बॅगेची चेन कोणी बसवून दिली तेही मीटिंगमध्ये विचारून बघा एकदा.