कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरच्या कॉफी हाउसचा इतिहास काय आहे? नुसती कॉफी प्यायला तिथे जाण्यात अर्थ आहे का?

नोकरीनिमित्त मी काही वर्षं कोलकात्यात काढली. शनिवारी दुपारी जुनी पुस्तकं धुंडाळायची आणि पाय दुखायला लागले की कॉफी हाउसचा जिना चढायचा, हा माझा ठरलेला क्रम होता. त्या जागेवर माझा जीव आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी 'अड्डा' या शब्दाबद्दल. मराठीत तो ऐकला की आपल्याला दारूचा नाहीतर जुगाराचा अड्डा आठवतो. बंगालीत मात्र तो घरंदाज शब्द आहे. चार माणसांनी बसून कुठलंही काम न काढता तासन्‌तास बोलायचं, तो अड्डा. आपल्याकडचा 'कट्टा' त्याच्या बराच जवळ जातो. कॉफी हाउस हे त्या अड्ड्याचं सगळ्यात मोठं ठिकाण.

वास्तू मात्र कॉफीपेक्षा कितीतरी जुनी आहे. तिचं मूळ नाव अल्बर्ट हॉल. ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांच्या पुढाकाराने १८७६ मध्ये हे सभागृह सुरू झालं. (हे तेच केशवचंद्र, ज्यांच्या मुंबईतल्या व्याख्यानांतून प्रेरणा घेऊन त्याआधीच, १८६७ मध्ये, आपल्याकडे प्रार्थना समाज उभा राहिला.) त्याच वर्षी २६ जुलैला सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आनंदमोहन बोस यांनी या हॉलमध्ये इंडियन असोसिएशन या राजकीय संघटनेची स्थापना केली. त्या दिवशी सकाळीच सुरेंद्रनाथांचा मुलगा वारला होता. तरीही संध्याकाळी ते सभेला आले आणि बोलले. त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात ते लिहून ठेवलंय. ते वाचल्यानंतर मी पहिल्यांदा तिथे गेलो, तेव्हा कॉफी येईपर्यंत नुसता छताकडे बघत राहिलो होतो. पुढे १८८३ मध्ये देशभरच्या प्रतिनिधींची राष्ट्रीय परिषदही इथेच भरली, म्हणजे मुंबईतल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाच्या दोन वर्षं आधी. हेच सुरेंद्रनाथ १८९५ मध्ये पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते.

मग इथे कॉफी कुठून आली? तीही चहाच्या शहरात?

त्याचं उत्तर कोडगू, चिकमगळूर, निलगिरीच्या मळ्यांत आहे. १९३०च्या मंदीत कॉफीचे भाव कोसळले, माल पडून राहू लागला. तेव्हा भारतातच कॉफीचे गिऱ्हाईक तयार करायचं ठरलं. १९३५च्या कायद्याने कॉफीवर उपकर बसला, त्यासाठी एक समिती नेमली गेली आणि त्या समितीने शहराशहरांत कॉफी हाउसं उघडायला सुरुवात केली. त्यातलं पहिलं १९३६ मध्ये आपल्या मुंबईत, चर्चगेटला निघालं. मी मुंबईत वाढलो, पण हे मला कोलकात्यात जाऊन कळलं, आणि त्याची मला आजही हळहळ वाटते. पुढे महायुद्धामुळे युरोपच्या बाजारपेठा तुटल्या आणि देशातल्या गिऱ्हाइकाची गरज आणखी वाढली. अल्बर्ट हॉलमध्ये कॉफी हाउस आलं ते या काळात, १९४२ मध्ये.

जागा निवडणाऱ्याची नजर चांगली होती. समोर प्रेसिडेन्सी कॉलेज, पलीकडे कलकत्ता विद्यापीठ, शेजारी संस्कृत कॉलेज, थोडं पुढे मेडिकल कॉलेज, आणि मध्ये सगळीकडे पुस्तकांची दुकानं. त्या भागाला बंगाली माणूस 'बोईपाडा' म्हणतो, म्हणजे पुस्तकांची आळी. छापखान्यातून बाहेर पडलेला लेखक, प्रुफं हातात घेतलेला प्रकाशक, तास बुडवलेला विद्यार्थी, सगळ्यांना बसायला एकच जागा, आणि तीही खिशाला परवडणारी.

इथून पुढचं सांगताना लोक नावांची यादी देतात. मला त्यात एक दुरुस्ती करावीशी वाटते. सत्यजित राय कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसात बसून सिनेमाची स्वप्नं बघायचे, असं सर्रास सांगितलं जातं. पण सिनेसमीक्षक चिदानंद दासगुप्ता, लेखक कमलकुमार मजुमदार यांच्याबरोबरचा रायांचा गाजलेला अड्डा सेंट्रल अॅव्हेन्यूवरच्या कॉफी हाउसात भरायचा. ती वेगळी जागा आहे.

कॉलेज स्ट्रीटची खरी माणसं म्हणजे कवी आणि विद्यार्थी. १९५३ मध्ये सुनील गंगोपाध्याय आणि त्यांच्या मित्रांनी 'कृत्तिबास' हे तरुण कवींचं नियतकालिक काढलं, आणि त्या पिढीची बैठक इथली. शक्ती चट्टोपाध्याय त्यातलेच. साठच्या दशकात 'हंग्री' म्हणवणाऱ्या बंडखोर कवींची चळवळ आली. १९६२ मध्ये अमेरिकन कवी अॅलन गिन्सबर्ग कोलकात्यात राहिला, तेव्हा इथल्याच टेबलांवर बंगाली कवींशी त्याची गाठ पडली. तोच गिन्सबर्ग त्याआधी मुंबईत अशोक शहाणे, अरुण कोलटकर यांना भेटलेला. शहाण्यांनी तर पुढे बंगालीतून मराठीत कितीतरी आणलं. आपल्या लघुनियतकालिकांचा आणि या टेबलांचा काळ एकच होता, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. अमर्त्य सेन १९५१ ते ५३ प्रेसिडेन्सीत शिकले. त्यांनीही इथल्या गप्पांबद्दल आत्मीयतेने लिहिलंय. साठच्या दशकाच्या शेवटी नक्षलबारीच्या उठावाच्या बातम्या आल्या आणि इथले वाद कवितेवरून क्रांतीवर गेले.

पण हे सगळं ज्यांच्या जिवावर झालं ते लोक यादीत नसतात. पन्नासच्या दशकात कॉफी बोर्डाने, म्हणजे त्या समितीच्या जागी आलेल्या सरकारी मंडळाने, धोरण बदललं आणि देशभरची कॉफी हाउसं बंद करायला काढली. कितीतरी वेटर, स्वयंपाकी रस्त्यावर येणार होते. तेव्हा केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी कामगारांना सांगितलं, की तुम्हीच सहकारी सोसायट्या काढा आणि ही हाउसं चालवा. पहिली सोसायटी १९५७ मध्ये बंगळुरूला निघाली. 'इंडिया कॉफी हाउस'चं 'इंडियन कॉफी हाउस' झालं ते या घडामोडीत. १९५८ मध्ये कॉलेज स्ट्रीटचंही हाउस बंद झालं. तेव्हा प्रेसिडेन्सीचे आणि विद्यापीठाचे प्राध्यापक सरकारकडे धावले, त्यांनी अर्ज केला, आणि त्याच वर्षी ते पुन्हा उघडलं. आजही ते कामगारांच्या सहकारी सोसायटीचंच आहे. पांढरा गणवेश आणि तुऱ्याचा फेटा घालून तुमच्यासमोर कप ठेवणारा माणूस हाताखालचा नोकर नसतो, तो त्या सोसायटीतला असतो. एका कपावर तीन तास बसलेल्या पोराला कुणी उठवत नाही, त्याचं कारण मला यात दिसतं. गिऱ्हाईक लवकर हलवून टेबलामागे नफा वाढवणारा मालक तिथे नाही.

माझ्या ऑफिसातले एक वयस्कर सहकारी सत्तरच्या दशकात तिथे जायचे. पाच जणांत दोन कप मागवायचे आणि वेटर न सांगता तीन रिकामे कप जास्तीचे आणून ठेवायचा. हे सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. १९८३ मध्ये मन्ना डे यांनी गायलेलं कॉफी हाउसवरचं गाणं बंगालमध्ये घराघरांत पोचलंय. सात मित्रांचा तुटलेला अड्डा आहे त्यात. तिथे येणारे निम्मे पर्यटक त्या गाण्यामुळेच येतात, असं मला वाटतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. कॉफीच्या चवीसाठी जाणार असाल तर जाऊ नका. बंगळुरूची फिल्टर कॉफी प्यालेल्या माणसाला ती साधीच लागेल. जायचं ते दुपारी चारनंतर, कॉलेजं सुटल्यावर. बंकिम चॅटर्जी स्ट्रीटवरून जिना चढा. आत शिरलात की आधी आवाज अंगावर येतो, शेकडो माणसं एकाच वेळी बोलत असतात. उंच छतावरून लांब दांड्यांचे पंखे लोंबतात, भिंतीवर रवींद्रनाथांची भली मोठी तसबीर आहे. वर चारी बाजूंनी सज्जा आहे, तिथे कठड्याजवळची जागा मिळाली तर सगळा हॉल दिसतो. बिनदुधाच्या कॉफीला तिथे 'इन्फ्यूजन' म्हणतात, ती मागवा, बरोबर चिकन कबिराजी, म्हणजे अंड्याच्या जाळीदार आवरणातलं कटलेट. टेबल रिकामं नसेल तर दाटीवाटीत कुणाला तरी 'बसू का?' विचारा. एकटे गेलात तरी बहुतेक वेळा एकटे राहत नाही.