घरी पहिल्यांदा आयपीए करतोय. सिट्रा, मोझॅक, सिम्को आणि कॅस्केड या जातींचे हॉप्स आणलेत. कोणते, किती आणि कधी घालू?

मोझॅकचं पाकीट न फोडता फ्रीझरमध्ये टाका. बाकीच्या तिघांत तुमची आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही कडवट, सुगंधी बिअर, आरामात होते. तो कडवटपणा आणि सुगंध देतात ती हॉप्सची फुलं.

प्रश्नाच्या खाली तुम्ही लिहिलंय की तुमचा एक अनुभवी मित्र म्हणतो, "हॉप्स जितके जास्त तितकी आयपीए भारी." ते वाक्य वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. याच वाक्यापायी माझ्यावर एक आळ आला होता, आणि तो अजून पुरता उतरलेला नाही.

आधी तुमचं. १९ लिटरची बॅच आणि ओजी, म्हणजे आंबण्याआधीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर आंबते तशी ती उतरते), १.०६० च्या आसपास धरते. सिम्कोचं अल्फा, म्हणजे कडवटपणा देणारं आम्ल, १२ ते १४ टक्के असतं, म्हणून कडवटपणा त्याच्याकडून घ्या: उकळी आली की २५ ग्रॅम, तासभर. साधारण ३५ आयबीयू (कडवटपणाचं माप) तिथेच मिळतात. शेवटच्या दहा मिनिटांत कॅस्केड ३० ग्रॅम. गॅस बंद करून वॉर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, ८० अंशांवर आलं की सिट्रा ५० ग्रॅम, वीस मिनिटं. ड्राय हॉपला, म्हणजे आंबून झालेल्या बिअरमध्ये न उकळता घालायला, सिट्रा ६० आणि सिम्को ४०, बस्स. लिटरला पाच ग्रॅमच्या जरा वर. त्याआधी प्रत्येक पाकिटातल्या दोन-तीन गोळ्या तळहातावर चुरडून नाकाशी न्या. कॅस्केडला पपनसाच्या सालीचा वास हवा, सिम्कोला चिडाच्या डिंकाचा, सिट्राला आंबा-लिचीचा. जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास आला तर पाकीट सरळ फेकून द्या, किती का महाग असेना.

आता माझी गोष्ट. माझा मावसभाऊ सिॲटलजवळ राहतो, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. बिअर करायला मला त्यानेच शिकवलं, ते ऋण आहेच. त्याच्या पन्नाशीला घरचीच आयपीए द्यायची ठरली. मी म्हटलं, दोन जाती घेऊ, लिटरला पाच-सहा ग्रॅम पुरे. दादा म्हणाला, "तुझं लॅबमधलं मोजमाप लॅबमध्ये ठेव." सुरुवातीला कोलंबस जातीचे हॉप्स ५६ ग्रॅम, मग दर दहा मिनिटांनी काहीतरी, आणि शेवटी ड्राय हॉपला सहा जातींचे मिळून ३४० ग्रॅम. म्हणजे लिटरला १८ ग्रॅम. फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याच्या, तळाशी पालकाच्या भाजीसारखा हिरवा थर बसला आणि त्याने बिअरही पिऊन टाकली. बाटल्या भरल्या जेमतेम चाळीस.

त्या चाळीस बाटल्या मी धुतल्या होत्या, दोन रात्री. ब्रश, गरम पाणी, मग प्रत्येक बाटली दिव्यासमोर आडवी धरून तळाशी कडं राहिलंय का ते बघायचं, मग सॅनिटायझरमध्ये बुडवून उलटी टांगायची. मी पुण्यात मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलंय आणि तेव्हापासून लॅबमध्येच आहे. वस्तू निर्जंतुक ठेवणं ही माझी रोजची भाकरी आहे. हॉप्स घालून चौथा दिवस होता, ग्रॅव्हिटी मोजायचं हायड्रोमीटर १.०१४ दाखवत होतं. मी म्हटलं, अजून थांबू, दोन दिवस वाचन घेऊ. दादाला वाढदिवसाची तारीख दिसत होती. भरल्या बाटल्या.

तीस माणसं जमली होती. पहिली बाटली उघडली तर फेस हळूहळू वर आला, थांबेचना, हिरवे कण घेऊन मानेवरून खाली, टेबलक्लॉथभर. दुसरी तशीच. तिसरी तशीच. वहिनी फडकं घेऊन धावली. दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाटल्या हिने धुतल्या होत्या. राहिलं असेल कुठेतरी इन्फेक्शन." लोक हसले. मी त्या वेळी काही बोलले नाही, कारण सणासुदीसारखा दिवस होता. ग्लासात जे उरलं होतं त्याची चव कोवळं गवत आणि थंड झालेल्या कोऱ्या चहासारखी होती आणि घशाला खरखर. सहा जातींपैकी एकीचंही फळ लागत नव्हतं.

चार बाटल्या मी घरी आणल्या. तळाचा गाळ मायक्रोस्कोपखाली पाहिला: यीस्ट आणि हॉप्सचा कचरा, बॅक्टेरियाची एकही काडी नाही. आंबट वास नाही, वर साय नाही. बिअरमधला गॅस काढून हायड्रोमीटर सोडलं तर १.०१०. बंद बाटलीत ग्रॅव्हिटी चार अंकांनी उतरली होती, म्हणजे आत साखर आंबून गॅस झाला होता, आणि कार्बोनेशनसाठी घातलेली साखर वेगळीच. फेस येणार नाही तर काय होईल?

पुढच्या बॅचला मी खात्रीच करून घेतली. एकच वॉर्ट, एकच यीस्ट. किण्वन संपून १.०१३ ला थांबल्यावर बिअर चार-चार लिटरच्या दोन बरण्यांत भरली. दोन्ही बरण्या मीच धुतल्या, एकाच पाण्यात. एकीत ७२ ग्रॅम हॉप्स घातले, दुसरीत काहीच नाही. दहा दिवसांनी बिनहॉप्सची १.०१३ लाच होती आणि हॉप्सवाली १.००९. हॉप्समध्ये एन्झाइम्स असतात. यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिन्सचे, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचे, ती तुकडे करतात, त्यातून साखर सुटते आणि झोपलेलं यीस्ट पुन्हा कामाला लागतं. याला हॉप क्रीप म्हणतात, आणि हे काही नवं नाही: होरेस ब्राउन आणि हॅरिस मॉरिस या इंग्लिश रसायनज्ञांनी १८९३ मध्येच मांडून ठेवलंय. हॉप्स जितके जास्त आणि बिअर जितकी उबदार, तितकं हे जास्त. आकडे मी दादाला पाठवले. त्याचं उत्तर, "असेल." मंडळाच्या जेवणात आजही कोणीतरी विचारतं, बाटल्या कोणी धुतल्या?

चवीचंही कारण आहे. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या लाफॉन्टेन आणि शेलहॅमर यांनी २०१८ मध्ये कॅस्केडवर केलेलं काम छापलं. लिटरला आठ ग्रॅमच्या पुढे गेलं की सुगंध त्या प्रमाणात वाढत नाही, लिंबूवर्गी वास मागे पडून चहा-पाल्याकडे झुकतो. आमच्या ग्लासातला कोरा चहा तोच. म्हणून तुमच्या मित्राला सांगा, भारी आयपीए म्हणजे हॉप्सचा ढीग नव्हे. सहा जाती एकत्र ओतल्यात तर कोणती बिघडली हे जन्मात कळणार नाही. दोन-तीन असल्या की पुढच्या बॅचला एक बदलून बघता येतं.

८० आयबीयू हवेत असं म्हणालात. नकोत. १.०६० ला ५० ते ५५ पुष्कळ. कडवटपणा खटकन लागायला बिअर कोरडी उतरली पाहिजे, १.०१२ च्या खाली. क्रिस्टल माल्ट (गोडसर, भाजलेलं माल्ट) पाच टक्क्यांच्या वर नेऊ नका, नाहीतर सगळंच काकवीसारखं लागतं. पाण्यात थोडं जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) घाला, सल्फेटने कडवटपणाला धार येते. इंग्लंडमधल्या बर्टनच्या विहिरींना ते आपसूक होतं, आणि तिथूनच पिंपं भरभरून कलकत्ता-मुंबईला जायची.

ड्राय हॉप तीन दिवस, १५ अंशांच्या आसपास. त्यानंतर बिअर पुन्हा खोलीच्या तापमानाला आणा आणि लागोपाठ तीन दिवस ग्रॅव्हिटी मोजा. तिन्ही आकडे सारखे आले तरच बाटल्या. वाढदिवस असो नाहीतर लग्न असो.

दोन गोष्टी राहिल्या. हे सगळं स्वच्छ, कडू, अमेरिकेच्या वेस्ट कोस्ट धाटणीच्या आयपीएचं आहे. ओट्सवाली गढूळ हेझी करायची असेल तर तिथे लिटरला दहा-बारा ग्रॅम सर्रास घालतात आणि उकळीतले हॉप्स जवळजवळ नसतातच, तिथे माझं गणित लावू नका. आणि तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही. महाराष्ट्रात असाल तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, तिथे यातलं काहीही करू नका. परदेशात असाल तर तिथला नियम बघून घ्या, आणि ग्रॅव्हिटीचे आकडे तारखेसकट वहीत लिहून ठेवा. मी आता प्रत्येक बॅचला लिहिते, खाली बाटल्या कोणी धुतल्या तेही.