निधी ‘जिरला’ म्हणजे नेमकं काय झालं?

दर्यापूर तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे: ‘आमच्याकडे पांदण रस्ता असो की नाल्यावरचा बंधारा, काम अर्धवट राहिलं की लोक म्हणतात, निधी जिरला. तोच सरपंच पुढच्या निवडणुकीत आपटला की म्हणतात, बरी जिरली. पाणीही जिरतं. हे एकच क्रियापद आहे की तीन वेगवेगळी? आणि माहितीच्या अधिकारात अर्ज करताना ‘निधी जिरला’ असं लिहिलं तर चालेल का?’

क्रियापद एकच. मुळात संस्कृतातला जॄ धातू. झिजणं, वय होणं, पचणं हे सगळं त्याच्या पोटात. जरा, जर्जर, जीर्ण, अजीर्ण ही त्याचीच पिलावळ, आपलं साधं ‘जुना’सुद्धा त्यातलंच. जिऱ्याचं नावही जुनी मंडळी तिथेच नेऊन जोडतात, कारण ते पाचक. तेव्हा पहिला अर्थ पोटातला: खाल्लेलं अन्न जिरतं. महाभारतातली वातापीची गोष्ट आठवा. इल्वल आपल्या भावाला बोकड करून पाहुण्याला खाऊ घालायचा आणि मग हाक मारायचा. भाऊ पाहुण्याचं पोट फाडून बाहेर. अगस्तींनी पोटावरून हात फिरवला, ‘वातापी, जीर्ण हो’ म्हणाले आणि प्रकरण मिटलं. ऑडिटवाले दरवर्षी आक्षेप काढून निधीला हाका मारतात, त्या हाकांची गतही पुष्कळदा इल्वलाच्या हाकांसारखीच होते.

पोटातून हा शब्द जमिनीत गेला. पाणी जिरतं म्हणजे जमिनीच्या पोटात जातं. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही सरकारी घोषणा गावोगावच्या भिंतींवर रंगली आणि ‘निधी अडवा, निधी जिरवा’ हे तिचं विडंबन पारावर तयार व्हायला वेळ लागला नाही. तुमच्या भागात या विनोदाला आणखी एक धार आहे. दर्यापूर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतं. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेली ही काळी, चिकण, खारवट जमीन. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिल्या पावसाचं पाणी त्यांतून खाली उतरतं, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी वरच तुंबून राहतं. खालचं भूजलही खारं. म्हणून तिथे शेततळं कामाचं ठरतं, कारण त्यात साठलेलं पाणी लवकर मुरत नाही. अशा गावात एक म्हातारबा म्हणाले होते, ‘आमच्या शिवारात सबन जिरते बावा, पाणी सोडून.’

आता निधीकडे येऊ. ‘खाल्ला’ आणि ‘जिरला’ यांत फरक काय? खाल्ला म्हटलं की लगेच विचारलं जातं, कोणी? ‘जिरला’ अकर्मक आहे. त्याला ‘-ने’ लागलेला करणारा लागत नाही. निधी आपला आपण आला, आपला आपण जिरला! ग्रामसभेत समोर सरपंच बसलेला, शेजारी ठेकेदार म्हणजे त्याचाच साळा, आणि उद्या दाखला आणायला त्याच दारात जायचं. तिथे ‘भाऊ, तुम्ही खाल्ला’ कोण म्हणेल? ‘जिरला’ म्हटलं की सगळ्यांना सगळं कळतं आणि कोणाचं नाव निघत नाही. माझ्या मते या शब्दाची खरी ताकद इथे आहे.

खोटही तिथेच आहे. चोरी, उधळपट्टी आणि नुसती दिरंगाई हे तिन्ही त्यात एकच होऊन जातात. गोसीखुर्दचं बघा. वैनगंगेवरच्या या प्रकल्पाचं भूमिपूजन १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झालं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा, सुधारित आकडा पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. भंडाऱ्याकडचा माणूस एवढंच म्हणतो, ‘पैसा जिरला.’ पण यात भूसंपादन आहे, पुनर्वसन आहे, लांबलेल्या वर्षांची महागाई आहे, आणि ज्यांची चौकशी झाली अशी कंत्राटंही आहेत. कुठे किती गेलं ते या शब्दातून कळत नाही.

योगायोग असा की, रुपयातले पंधराच पैसे खाली पोचतात हे १९८५ मध्ये राजीव गांधीच बोलले होते. ते पंधरा पैसे ‘झिरपतात’. झिरपणं हे झऱ्याच्या घरचं, त्याचा जिरण्याशी संबंध नाही. झिरपलेलं कुठून तरी बाहेर येतं, जिरलेलं येत नाही.

आणखी दोन शेजारी शब्द. ‘मुरणं’: लोणचं मुरतं, पाणी ‘कुठंतरी मुरतंय’ म्हणून संशय येतो, राजकारणीही मुरलेला असतो. मुरलेली वस्तू आत टिकते, चव धरते. आणि ‘भिनणं’: विष भिनतं, सत्ताही भिनते. आरक्षण फिरलं की आधी स्वतः, मग बायको, मग सून, आणि पंचायतीतली खुर्ची मात्र एकाच्याच बुडाखाली, हा प्रकार सत्ता भिनल्याचा. त्याला ‘सरपंचपती’ असा शब्दच आपण करून ठेवला आहे. २०११ पासून राज्यात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या झाल्या, तेव्हापासून तो जास्तच ऐकू येतो.

अशा माणसाची मग ‘जिरते’. इथे स्त्रीलिंग कुठून आलं? रग, मस्ती, गुर्मी, घमेंड, खोड ही सगळी नामं स्त्रीलिंगी. त्यांतलं एखादं बोलता बोलता गळालं आणि क्रियापदाने त्याचं लिंग तेवढं धरून ठेवलं. टरकली, सटकली, फाटली यांतही असंच नाव गळालेलं असतं. अर्थ तोच: सुजलेलं जिरतं तशी फुगलेली रग उतरते. गंमत म्हणजे, निधीच्या बाबतीत गप्प बसणारं गाव इथे कर्ता अगदी ठणकावून सांगतं. ‘लोकायनं त्याची चांगली जिरोली,’ वऱ्हाडी माणूस म्हणतो. ‘जिरवली’चं ‘जिरोली’, आणि ‘लोकायनं’ पहिल्यांदा. मतपेटीपुढे नाव कोणाला दिसत नाही, म्हणून असेल.

राहिला अर्ज. ‘निधी जिरला’ लिहू नका. माहिती अधिकारी ‘अर्थबोध होत नाही’ असं कळवून मोकळा होईल. ‘अपहार’ किंवा ‘अफरातफर’ही आधीच लिहू नका, तो आरोप झाला आणि तो सिद्ध करावा लागतो. कामाचं नाव आणि वर्ष घालून मागणी अशी करा: ‘सदर कामावर किती रक्कम खर्ची पडली, देयक कोणाच्या नावे व कोणत्या तारखेस अदा करण्यात आले, मोजमाप कोणी घेतले, याच्या मोजमाप पुस्तिकेची व रोकडवहीतील संबंधित पानांची साक्षांकित प्रत मिळावी.’ ‘करण्यात आले’ हे सरकारी मराठीतलं कर्ता लपवण्याचं आवडतं रूप आहे, म्हणून ‘कोणाच्या नावे’ आणि ‘कोणी घेतले’ हे शब्द गाळू नका.